जुनं मशीन जमा केल्यावर

त्या घरात भांडण मिटवायची एक रीत होती. दोघा भावांचं वाजलं की टीव्ही लावायचा, गेमचं मशीन चालू करायचं, मारामारीचा तो एकच जुना गेम घालायचा आणि पडद्यावर एकमेकांना मरेस्तोवर बडवायचं. हरेल त्याने तोंड मिटायचं. रडारड नाही, कुरकुर नाही. खिडकीजवळची खोली कुणाची, आईच्या तपासणीसाठी सुट्टी कुणी काढायची, सगळं तिथेच ठरलेलं. थोरल्याने बँकेतल्या एका मुलीला लग्नाला होकार द्यावा हेही तिथेच ठरलं होतं. मुलीने मात्र नकार दिला. तिला ह्या रीतीची काही कल्पना नव्हती, बिचारीला.

रीत आईने घालून दिलेली. बाप होता तोवर घरात मार खाणं हे जेवण्याइतकंच रोजचं होतं. पट्टा चाले, बूट चाले, हाताशी काही नसलं तर भिंत आणि समोरच्याचं डोकं एवढ्यावरही भागे. तो मेला, घर मोकळं झालं असं वाटलं, आणि थोड्याच दिवसांत ही पोरं कुत्र्यांसारखी एकमेकांवर तुटून पडली. थोरल्याने धाकट्याचा पुढचा दात पाडला.  आईने कुठूनसं एक वापरलेलं मशीन आणून टीव्हीला जोडून घेतलं आणि म्हणाली, "हात उचलायचे तर इथे उचला. ह्या घरात पुन्हा माणसावर हात उठलेला मला बघायचा नाही."

थोरल्याने ते काळजावर कोरून घेतलं होतं. मोटारींच्या गॅरेजात तो चेपलेले पत्रे ठोकून सरळ करी. दिवसभर हातोडा. संध्याकाळी हात धुताना तो हाताकडे बघत राही. बोटं बापाची. मनगट बापाचं. अंगठ्याचं ते आखूड नखही बापाचंच. आपला हात बापाचा निघू नये, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. बाकी काही मिळालं नाही तरी त्याची तक्रार नव्हती.

म्हणून पडद्यावर तो जीव तोडून मारी. धाकट्याच्या गड्याचा जबडा फोडी, बरगड्या मोडी, आडवा पडला की छातीवर नाचे. पडदा लालेलाल होई. मग कंट्रोलर खाली ठेवून, "चल टिल्लू, जेवायला," म्हणे. टिल्लू दारातून वाकून येण्याएवढा उंच झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मग नव्या मशीनची बातमी आली. अजून बाजारात यायचं होतं, पण बुकिंग सुरू झालं होतं, आणि घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"एका गेमच्या भावात पूर्वी अख्खं मशीन यायचं," थोरला म्हणे. "आणि ह्यात डिस्क घालायला साधी फटसुद्धा नाही. आपल्या जुन्या डिस्क काय आता भिंतीला टांगू?"

"दादा, एक गेम आपण वर्षानुवर्षं खेळतो. तासाला काय पडतं ते बघ ना! तू सिनेमाला जातोस, तिथे अर्धा वेळ झोपतोस, ते पैसे कुठे जातात?"

"झोप तरी माझी असते. ह्यांचा गेम विकत घ्यायचा आणि वर खेळायला दरमहा वेगळे मोजायचे? लुटायला बसलेत नुसते."

"लुटतायत म्हणूनच आत्ता बुक करायचं. पुढे भाव वाढणारच आहेत."

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच वाद संपत नव्हता. शेवटी थोरला म्हणाला, "शनिवारी खेळून ठरवू." धाकटा बरं म्हणाला.

शनिवारी थोरल्याचा दिवस वाईट गेला. एका गाडीचं दार काही केल्या जागेवर बसेना, आणि गाडीवाला डोक्यावर उभा राहून, मजुरी जास्त सांगता, म्हणून चारचौघांत त्याची आयमाय काढत राहिला. थोरल्याने ऐकून घेतलं. हातोडा हातात असून ऐकून घेतलं, ह्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. आता घरी जाऊन पडद्यावर कुणालातरी फाडून काढू, ह्या आशेवर तो जिना चढला.

टीव्हीखाली दोन वायरी लोंबत होत्या.

"मशीन कुठाय?"

"दुकानात," धाकटा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "जुनं जमा केलं की बुकिंगला सूट देतायत. आज शेवटचा दिवस होता."

"आपलं खेळून ठरवायचं ठरलं होतं."

"हो, पण मी हरलो असतो ना!" धाकटा हसला. त्यात लबाडी नव्हती, हरणाऱ्याचं साधं हसू होतं. "नवं आलं की खेळू रे. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

"आणि आता? आता कशावर ठरवायचं?"

"आता काय ठरवायचंय? झालं बुकिंग."

थोरल्याने मारायचं ठरवलं नव्हतं. हात गेला. थप्पड अशी बसली की धाकटा खुर्चीसकट आडवा झाला आणि मोबाइल भिंतीवर जाऊन फुटला. क्षणभर दोघेही चकित झाले. मग धाकटा उठला, टेबलावरचा स्टीलचा जग त्याने उचलला आणि थोरल्याच्या भुवईवर हाणला. कातडी फाटली. डोळ्यात रक्त उतरलं आणि थोरल्याला खोली अर्धीच दिसू लागली.

ती अर्धी त्याला पुरली. त्याने धाकट्याच्या पोटात गुडघा घातला, तो वाकला तशी मानगूट धरून त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. काहीतरी कडकन मोडलं. धाकट्याने त्याच्या दंडाचा लचका तोडला. थोरल्याने त्याला केसांनी ओढून फरशीवर पाडलं, छातीवर बसला आणि ठोकत राहिला. पत्रा ठोकावा तसा, एका लयीत, न चिडता. पडद्यावर समोरच्याचा जीव संपला की घंटा वाजते आणि मशीन आपणहून थांबवतं. इथे थांबवणारं कुणी नव्हतं. "दादा, पुरे," धाकटा फुटलेल्या ओठांतून म्हणत होता. थोरल्याला ते नीट ऐकू येत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटत होतं.

आई आतल्या खोलीतून आली. तिने आरडाओरडा केला नाही, थोरल्याचा हात धरला नाही, शेजाऱ्यांना हाक मारली नाही. ती सरळ खाली बसली, धाकट्याच्या तोंडावर ओणवी झाली, मान आत ओढून घेतली आणि थोरल्याकडे पाठ केली. हे सगळं तिने इतक्या सफाईने केलं की त्यात क्षणाचाही विचार नव्हता.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "लहान आहे हो तो. मला मारा."

थोरल्याची मूठ वरच राहिली. बाप गेल्यापासून त्या घरात आईने कुणाला 'अहो' म्हटलं नव्हतं. त्याने मूठ उघडायचा प्रयत्न केला, तर बोटं उघडेनात. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत येऊन तिच्या पाठीवर थेंब थेंब पडत होतं, आणि प्रत्येक थेंबाला ती अंग चोरत होती.

"आई," तो म्हणाला.  "आई, मी आहे गं. मी."

"माहीत आहे," आई म्हणाली.

पण ती वळली नाही. धाकट्याचं डोकं तिने आणखी घट्ट पोटाशी धरलं आणि पाठ तशीच त्याच्यापुढे ठेवली.