जिवंत माणसाला आठ फुलं

माझा नवरा अर्कादी रशियातल्या पर्म शहराच्या संघातून बास्केटबॉल खेळत म्हातारा झाला. म्हणजे क्लबच्या संचालकांच्या मते म्हातारा. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हंगामाच्या शेवटच्या सामन्यात याने मधल्या सुट्टीत सत्कार घ्यायचा, बाकावर बसायचं आणि घरी जायचं. खेळायचं नाही.

"मी मैदानातूनच बाहेर पडणार, झोया," अर्कादी मला म्हणाला. "बाकावरून नाही."

मधल्या सुट्टीत संचालक वालेरी स्तेपानोविचनी लांबलचक भाषण ठोकलं आणि त्याच्या हातात लाल फुलांचा गुच्छ कोंबला. मी पहिल्या रांगेत होते. सवयीने फुलं मोजली, तर आठ. आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात, सम संख्येची थडग्यावर ठेवतात. माझं डोकंच फिरलं.

"वालेरी स्तेपानोविच, कुणाला पुरायला निघालात?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

ते गोरेमोरे झाले. "अहो, ऑफिसातल्या मुलीने घाईत आणली, झोया पेत्रोव्हना."

अर्कादीने एक फूल उपसलं आणि त्यांच्याच कोटाच्या खिशात खोचलं. "हे तुम्हाला राहू द्या. मी अजून आहे, आणि खेळणार आहे."

शेवटच्या सत्रात त्याने अंगावरचं जाकीट काढलं आणि कुणाला न विचारता बदली खेळाडू म्हणून गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. लोक त्याच्या नावाचा गजर करत पाय आपटू लागले. त्याला परत बोलवायची प्रशिक्षकाची छाती झाली नाही.

समोरच्या संघातला एक पोरगा हसला. "काका, नातवंडं वाट बघत असतील."

"बघू देत. तू चेंडू घेऊन ये."

पोरगा सुसाट आला. अर्कादी पाय रोवून उभा राहिला, जागचा हलला नाही. धडक छातीवर घेऊन तो आडवा झाला. शिट्टी वाजली, फाउल पोराचा. पोराने पुढे केलेला हात त्याने घेतला नाही. स्वतः उठला, लंगडत बाकाकडे आला आणि प्रशिक्षकाला म्हणाला, "आता बदली द्या."

संचालक धावत आले. "सांगत होतो ना? झालं आता समाधान?"

"झालं," अर्कादी म्हणाला. "आता मी निवृत्त होतोय. मघाशी तुम्ही मला काढत होतात."

त्याला धड चालताही येत नव्हतं. मी खांदा पुढे केला आणि आम्ही मैदानाच्या मधूनच बाहेर पडलो.