ताईच्या मशीनचा हुंकार

हे तुम्हाला पटणार नाही, असं मी भाचीच्या गॅलरीत जमलेल्या शेजाऱ्यांना आधीच बजावलं. पटलंच, तर सांगण्यात माझी काहीतरी चूक झाली समजायची. दाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून होते, म्हणून जीभ जरा मोकळी सुटली.

दाजी नळदुरुस्ती करायचे. जुना पाइप काढला की आधी फुंकून बघायचे. किटलीच्या तोटीची त्यांनी बासरी केली. छत्रीच्या काड्यांचं असं काही वाद्य केलं, की ते वाजलं आणि शेजारचं पांढरं कुत्रं पळून गेलं. परत आलं ते काळं.

"दुसरं कुत्रं असेल, काका," शेजारीण म्हणाली.

"असेल. पण मला ओळखत होतं."

माझी ताई, म्हणजे दाजींची बायको, कपडे शिवायची. तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे ओठ मिटूनच बोलायची. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एवढ्यावर त्यांचा संसार चालला, आणि बरा चालला.

ताई गेली. दाजींनी तिच्या शिलाई मशीनच्या पायडलला गरम पाण्याची रबरी पिशवी जोडली, पिशवीला स्वयंपाकघरातला पाइप, पाइपाच्या तोंडाशी पत्र्याची पातळ जीभ. पायडल दाबलं आणि खोलीत ताई हुंकारली. मी उभा होतो तो मटकन बसलो. तिथे खुर्ची नव्हती.

मग दाजी त्या खोलीतून हलेनात. "जेवू का गं?" दोन हुंकार. "जरा पडू का?" दोन. पायडल खाली जाताना एक, वर येताना एक, दुसरं काय येणार? मी समजावून पाहिलं, तर म्हणाले, "पाइपातलं मला शिकवतोस होय?" गालफडं बसली, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. अशानं ताईच्या मागोमाग जाणार, हे दिसतच होतं.

भाची त्यांना इकडे आणायला टेम्पो घेऊनच आली. दाजी म्हणाले, "तुझ्या आईला विचारतो," आणि आत गेले. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. उत्तर ठरलेलंच होतं.

पण आतून एकच हुंकार आला. लांब, दोरा दातानं तोडण्याआधी ताई द्यायची तसा. दाजी बाहेर आले, चपला घातल्या, म्हणाले, "चला."

 गॅलरीत शेजारणीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. तेव्हा मीच हसलो.

"अहो, भुतंबितं काही नसतात. मी पडद्यामागे लपलो होतो. दाजींनी पायडल दाबल्याबरोबर मी त्यावर काठी अडकवली. खाली गेलेलं वर आलंच नाही."

"खोटं," कोपऱ्यातून दाजी म्हणाले. डोळे मिटलेलेच. "तू तेव्हा रस्त्यावर टेम्पोवाल्याला परत पाठवत होतास. मी खिडकीतून बघत होतो. आणि खिडकीपासून पायडलपर्यंत माझा पाय पोचत नाही."