कुणीही वाचावी अशी ओळ

ब्लाजेनाने वकिलाच्या टेबलावरची दिवाळखोरीच्या अर्जाची प्रत आपल्याकडे ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"एवढी खोडता नाही येणार?"

"परवाच दाखल केला ना आपण! दोन तासांत सरकारी नोंदीत चढला. आता कुणीही तुमचं नाव टाकावं आणि वाचावं. दिवाळखोरीत झाकपाक चालत नाही, बाई."

कुणाचं तिला काय पडलं होतं! बेकरीवाली वाचो, जिन्यातले शेजारी वाचोत. फक्त यित्काने वाचू नये. औषधांच्या दुकानातली ती यित्का, जिच्यासाठी ओल्ड्रिख घर सोडून गेला. 'कर्ज कशामुळे झालं' या रकान्यात ब्लाजेनाने भाबडेपणाने खरं लिहिलं होतं: 'नवरा म्हणाला, जामीन म्हणून सही केली नाहीस तर निघून जाईन. म्हणून केली.' पैसे बुडाले ते बुडालेच, वर नवराही गेला. हे वाचून ती सटवी पोट धरून हसेल, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

रविवारी बेल वाजली. दारात यित्काच. केस नीट बसवलेले, गळ्यात नवा रेशमी स्कार्फ. त्यानेच दिला असणार.

"वाचलं मी," यित्का म्हणाली.

"हसून झालं असेल तर निघा."

यित्काने पर्समधून घडी केलेला कागद काढला. जामिनाचाच. खाली ओल्ड्रिखची लफ्फेदार सही, शेजारची जागा कोरी.

"मलाही हेच म्हणाला. शब्दन् शब्द. लुहाचोवित्सेच्या औषधी पाण्याच्या झऱ्यांवर गेलो होतो, तिथे संध्याकाळी."

"लुहाचोवित्सेला नेलं तुम्हाला?" ब्लाजेनाच्या तोंडून निघून गेलं. तिला त्याने स्वयंपाकघरात विचारलं होतं, ती बटाटे सोलत असताना. आणि वर सूप खारट झालंय म्हणाला होता.

"दोन दिवस," यित्का खाली बघत म्हणाली.

"फाडून टाका तो कागद."

हे आपण तिच्या भल्यासाठी म्हटलं की तिला ओल्ड्रिख मिळू नये म्हणून, ते ब्लाजेनाचं तिलाच कळेना.

"एवढंच सांगा. सही केल्यावर किती दिवस राहिला?"

'दुसऱ्या दिवशीच गेला' हे खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"सात महिने," ब्लाजेना म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून, "फार चांगला वागला त्या सात महिन्यांत. सकाळची कॉफी तोच करायचा."

यित्का पर्स चाचपू लागली.

"पेन आहे तुमच्याकडे?"

ब्लाजेनाने फ्रीजवरचं पेन काढून दिलं. यित्का भिंतीला कागद टेकवून सही करत होती आणि ब्लाजेना तिच्या पाठीकडे जळफळत बघत होती. पुढचे सात महिने यित्काचे होते.