गादीखालचं पुस्तक

शनिवारी सकाळी नेरेयदा गाद्या उन्हात टाकत होती. लेकीची, याहायराची, गादी उचलली, तशी खालून एक कादंबरी निघाली. त्या वर्षी सान पेद्रो गावात जो तो तीच वाचत होता. एका नामांकित गायकानं आपलं खरं प्रेम जन्मभर लपवलं, त्याची ती गोष्ट. नेरेयदानं ती वाचली नव्हती. चर्चच्या पास्टरांनी प्रवचनात तिला विष म्हटलेलं तेवढं ऐकलं होतं.

शेजारची मिर्ता कुंपणापाशी उभीच होती. "तरीच! दोन चांगली पोरं मागणी घालून गेली, तर हिनं दोघांनाही उडवून लावलं. सांभाळ बाई. पोर असलं वाचते म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी."

संशयाला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं. याहायरा फोनवर हसली, की आईचा भांडी घासणारा हात थांबायचा. मैत्रीण अभ्यासाला आली, तर खोलीचं दार उघडं ठेवावं लागायचं. केस कापले, तर "कुणाला आवडावेत म्हणून?"

शेवटी नेरेयदानं जेवताना विचारलंच. "कुणाचं ते पुस्तक?"

"माझं."

"घे शपथ."

"माझंच आहे म्हटलं ना, आई!"

समोर बसलेल्या आन्येलोचा घास हातातच राहिला. हा याहायराचा धाकटा भाऊ, गावाचा लाडका बेसबॉलपटू. अमेरिकेतल्या संघाशी त्याचा करार व्हायचा होता. त्याचा फोटो न्हाव्याच्या दुकानात लागला होता, आणि बाप फिलिबेर्तो आपल्या बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला लेकाचं कौतुक ऐकवायचा.

पास्टरांनी उपाय सुचवला. डोंगरातलं प्रार्थनाघर. तिथे उपास घडवून, कोंडून ठेवून मुलींना 'सरळ' करतात. मिर्ताची भाची तिथूनच परतली होती. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण अवाक्षर कुणी काढत नव्हतं.

ठरल्या सकाळी पास्टर जीप घेऊन आले. फिलिबेर्तोनं लेकीची बॅग मागे ठेवली. याहायरा रडली नाही. तिनं भावाकडे पाहून फक्त मान हलवली : नको, बोलू नकोस.

आन्येलो अनवाणीच अंगणात आला.

"बॅग उतरवा. ते पुस्तक माझं आहे."

"बहिणीला पाठीशी घालतोस?" पास्टर हसले.

"पाठीशी तिनं घातलंय मला! आई, तू ते वाचलंस तरी का? दोन पुरुषांची गोष्ट आहे ती. आणि मी... मीही तसाच आहे. सरळ करायचं असेल, तर मला न्या."

फिलिबेर्तोनं घाईनं रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोल! आत चल. कुणी ऐकलं नाही अजून."

पास्टरही आवाज उतरवून म्हणाले, "ताई, मुलाचं आपण सावकाश पाहू. करार होऊन जाऊ दे आधी. मुलीला मात्र नेतो; वातावरण बदलेल तिचं."

नेरेयदानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पास्टरांकडे.

"म्हणजे तिच्यावर नुसता संशय, तर तिला कोंडायचं, आणि हा तोंडानं सांगतोय, तर याला झाकायचं? का? याचा फोटो लागलाय म्हणून?"

तिनं बॅग ओढून खाली घेतली आणि लेकीला जवळ घेतलं. मग दुसरा हात लेकाकडे केला. "तूही ये."

फिलिबेर्तो घरात गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मायलेकरं अंगणातच राहिली.

पास्टरांनी जीप सुरू केली. ती चर्चकडे वळली नाही. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथे एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी बोचकं घेऊन उभ्या होत्या.

"थांबा, पोरीला पाठवू नका!" नेरेयदा ओरडली आणि पायांत चपला नसतानाच धावत सुटली. मागून तिची दोन्ही मुलं धावली.