चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

सर्वेक्षणाच्या कामात मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत "या, बसा" म्हणणारी दारं बोटांवर मोजण्याइतकी. लोक मला मोजणीबाई म्हणतात आणि दारातूनच विचारतात, किती वेळ लागेल? मी सांगते, वीस मिनिटं. लागतात चाळीस. पण खरं सांगितलं की दार बंद होतं, म्हणून एवढं एक खोटं मी पोटासाठी बोलते. बाकी सगळं नियमांच्या पुस्तिकेप्रमाणे. त्या बाबतीत मी खट आहे.

कंडक्टरकाकांनी मात्र पहिल्याच मंगळवारी दार सताड उघडलं. बसमधून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, बायको जाऊन सहा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत. माझ्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"माझीच निवड का झाली?" त्यांनी छाती पुढे काढून विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून, काका. वस्तीत बाराशे घरं, त्यातली तीस काढली. चाळिसात एक."

"म्हणजे माझ्यात विशेष काही नाही?"

"काही नाही. विशेष माणसं निवडून काढली तर सर्वेक्षण कचऱ्यात जातं."

ते खो खो हसले. चार मंगळवार यायचं आणि दर वेळी तेच प्रश्न विचारायचे, असं काम होतं. तेरा प्रश्न सुरळीत पार पडले. मग चौदावा आला. काल तुम्ही किती माणसांशी पाच मिनिटांहून जास्त वेळ बोललात?

"तीन लिहा."

कोण कोण ते विचारावं लागतं. दूधवाला निघाला, पण तो पिशवी कडीला अडकवून जातो. समोरची बाई निघाली, ती फक्त जिन्यात मान हलवते. राहिला मुलगा. त्याचा फोन रविवारी येतो आणि काल तर सोमवार होता. तिन्ही माणसं एकेक करून गळाली.

"शून्य नका लिहू हो," काका म्हणाले. "दिवसाला आठशे माणसांशी बोलणारा माणूस मी. 'पुढे सरका, आत जागा आहे!' एकच वाक्य, पण बोलायचो ना!"

मी शून्य लिहिलं.

दुसऱ्या मंगळवारी ते तयारीत होते. आदल्या दिवशी औषधांच्या दुकानात जाऊन गुडघ्याविषयी बोलून आले होते, तेही मनगटावरच्या घड्याळात बघून. पण मध्येच गिऱ्हाईक आलं आणि गाडी साडेचार मिनिटांवर अडली.

"साडेचारला पाच धरा की!"

"नाही धरत, काका."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. मी म्हटलं, आकडे मनाला लावून घेऊ नका. समजा एका जिन्यावर पाच घरं आहेत. उत्तरं येतात शून्य, दोन, तीन, चार आणि एक्कावन्न. बेरीज साठ, सरासरी बारा.

"एक्कावन्न म्हणजे आमच्या खालचा न्हावी," ते लगेच म्हणाले.

"समजा म्हटलं ना मी! नावं सांगायची नसतात."

"आणि शून्य म्हणजे मी. पण सरासरी बारा? मग माझ्या वाटणीचे बारा गेले कुठे?"

"म्हणून तर ओळीतलं मधलं उत्तर बघतात. तीन."

"तेही माझ्याकडे नाहीत," ते म्हणाले.

तिसऱ्या मंगळवारी त्यांना ताप होता. चौदाव्याचं उत्तर मी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं, शून्य. मग पांघरूण सारखं करत म्हणाले, "बाई, माझी चिठ्ठी पुन्हा निघेल का?"

मी जुन्या फॉर्मच्या पाठीवर गणित मांडलं. दर वर्षी नव्याने तीस घरं काढतात. एका वर्षी आपलं घर न निघण्याची शक्यता चाळिसात एकोणचाळीस. लागोपाठ दहा वर्षं न निघण्यासाठी तोच अपूर्णांक दहा वेळा घेऊन गुणायचा. आलं शंभरात अठ्ठ्याहत्तर. म्हणजे दहा वर्षांत एकदा तरी निघण्याची शक्यता शंभरात बावीस.

"दहा वर्षं मी टिकलो तर," काका म्हणाले.

"ते गणित वेगळं," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

शेवटच्या आठवड्यात पर्यवेक्षकाला फॉर्म लवकर हवे होते, म्हणून मी सोमवारीच गेले. काकांनी कपाळाला हात लावला. "आज प्रश्न नकोत. डोकं ठणकतंय. उद्याच या. पण आलाच आहात तर चहा घेऊन जा."

मी पिशवी दाराशीच ठेवली. डोकं ठणकणारा माणूस तासभर बोलला. नऊ नंबरच्या बसचे सगळे थांबे त्यांनी ओळीने म्हणून दाखवले. मग मलाच विचारायला लागले. राहता कुठे? घरी कोण असतं? एकोणीस वर्षं मी लोकांना विचारत आलेय, मला कोणी विचारायची ही पहिलीच वेळ. मी सांगितलं, आई गेल्यापासून एकटीच. घरात दोन खुर्च्या आहेत, एकीवर मी बसते आणि दुसरीवर माझी पिशवी. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौदावा प्रश्न येईपर्यंत काका खुर्चीच्या टोकावर बसून होते.

"एक," ते म्हणाले. "तुम्ही. चार वाजून दोन मिनिटांपासून पाच वाजून सात मिनिटांपर्यंत."

म्हणजे डोकेदुखीचं सोंग होतं! मला हसू आलं. पण पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर नियम आहे: मुलाखत घेणारी व्यक्ती मोजायची नाही.

मी तो वाचून दाखवला.

"तुम्ही माणसात नाही?"

"मुलाखतीला येते तेव्हा नाही."

"पण काल मुलाखत झालीच कुठे? एक तरी प्रश्न विचारू दिला का मी तुम्हाला?"

मी तो नियम तीनदा वाचला. कंडक्टरने मला बरोबर पकडलं होतं. काल मी कुणाचीच मुलाखत घेतली नव्हती. मी चहाला आलेली बाई होते. मी पेन घेऊन चौकटीत एक लिहिला. काकांनी फॉर्म स्वतःकडे फिरवून घेतला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघितलं. मग मी शेवटचं वाक्य वाचलं, ते वाचावंच लागतं: आपला सहभाग इथे संपला, आभारी आहोत.

घरी आले. पिशवी तिच्या खुर्चीवर ठेवली, चहा टाकला आणि सहज स्वतःला चौदावा प्रश्न विचारला. काल? एक. कितीतरी वर्षांनी एक. मी एकटीच हसले.

मग मनात आलं, उद्या हाच प्रश्न विचारला तर? आज मी मुलाखत घेतली. म्हणजे नियमाप्रमाणे काकांना आजच्या दिवसात मी मोजता येणार नाही. आणि तोच न्याय मला लावला तर मलाही ते मोजता येणार नाहीत. त्यांचं शून्य, माझंही शून्य. कुठल्या फॉर्मवर ते लिहिलं जाणार नव्हतं, तरी शून्यच. पुढची चिठ्ठी निघायची शक्यता शंभरात बावीस, तीही दहा वर्षं वाट बघून.

सव्वापाच वाजले होते. मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट अजून अंगावरच होता. "काय विसरलात?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. "पिशवी?"

"घरी ठेवली."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली, दारातून बाजूला झाले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुढे सरका, आत जागा आहे!"