पट्ट्यावरून बसलेला झगा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. तळहातावर मावेन एवढाच. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून मला तयार केलं. माझ्यावरून बाहुलीच्या झग्याचा वरचा भाग बेततात. म्हणजे मी साचा आहे, पण दिसतो कचऱ्यासारखा. त्यापायी माझ्यावर काय वेळ आली, ते सांगतोच.

मला घडवलं एका आत्याने आणि तिच्या भाचीने. आत्या रस्त्याकडेच्या खोलीत कपडे शिवायची. भाचीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. त्या वर्षी तिच्या पाठीचा कणा एका बाजूला झुकतोय असं डॉक्टरांना दिसलं. त्यांनी तिला काखेपासून कमरेपर्यंत कडक प्लास्टिकचा पट्टा दिला. शाळेचा शर्ट त्यावर बसेना. बाबांनी मोठ्या मापाचा आणला, तर खांदे कोपरापर्यंत लोंबायला लागले.

"हा शर्ट नाही, तंबू आहे," असं म्हणून भिंगरीने शाळेत जायचंच बंद केलं. बाबा कामावर जाताना तिला आत्याकडे सोडू लागले. ती मशीनशेजारी तोंड फुगवून बसायची.

एके दिवशी तिने शाम्पूच्या रिकाम्या बाटलीची पट्टी कापली आणि आपल्या बाहुलीच्या अंगाभोवती दोऱ्याने आवळली. "घे, आता तूही भोग!" मग बाहुलीचा एकेक झगा चढवून पाहिला. एकही बसेना. सुरुवात रागाने झाली होती, पण शेवटचा झगा उसवला तसं तिला रडू कोसळलं.

आत्याने मशीन थांबवलं. समजूत वगैरे काही घातली नाही. "रडून झालं की सांग, नवा बेतू," एवढंच म्हणाली.

दोघींनी बाहुलीला पट्ट्यासकट पातळ पिशवीत गुंडाळलं आणि वरून चिकटपट्टी लावली. भिंगरीने पेनाने मधली रेघ, गळा आणि हात घालायचे मुंढे आखले. मग ते कवच कापून काढलं, सपाट केलं, कागदावर उतरवलं. कडेने शिवणीपुरती माया सोडली. शिवणीसाठी राखलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो.

पहिला झगा फसला. बाहुलीची बोटं ताठ, मुंढ्यात शिरेनात. पुढच्या वेळी पाठ उघडी ठेवून टिचबटणं लावली. हा झगा मात्र अंगासरशी बसला. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली.

"आत्या, खांदे आपण मोठे केलेच नाहीत."

"नाही केले."

"रुंदी फक्त काखेखाली दिली. मग माझा शर्ट सगळाच मोठा कशाला आणला?"

आत्याने गळ्यातला टेप काढला. "आमचं डोकंच चाललं नाही गं. ऊठ, हात वर कर."

भिंगरी नव्या शर्टात शाळेत गेली. त्या दिवशी आत्याचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाची बाही तिने उलटी जोडली. संध्याकाळी भिंगरी आली ती कुरकुरतच. "कॉलर टोचते. आणि खिसा लहान झालाय!" आत्या पोट धरून हसली. मग बाहुलीच्या झग्याचा कागद फाटू नये म्हणून तिने त्याच्यावरून मला कापून घेतलं.

माझ्यावरून कितीतरी झगे बेतले गेले. पेन्सिल फिरून फिरून माझ्या कडा मऊ पडल्या. पुढे पट्टा सुटला, भिंगरी मोठी झाली, दूर शिकायला गेली. मी बटणांच्या डब्यात पडून राहिलो. एकदा बाबांनी आत्याची खोली आवरायला घेतली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली मला दुमडून सरकवलं. टेबल सरळ झालं, मी मोडलो. त्यांचा तरी काय दोष? माझ्या अंगावर काही लिहिलेलंच नव्हतं.

सुट्टीत भिंगरी आली. चहा पिताना तिची नजर खाली गेली. तिने टेबल उचलून मला ओढलं, तसा कप कलंडून चहा बाबांच्या मांडीवर.

"अगं, काय हे!"

"बाबा, हा माझा साचा आहे!"

बाबांनी मांडी पुसत मला उलटंसुलटं करून पाहिलं. "मला वाटलं, खोक्याचा तुकडा." मग माझ्या मऊ कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "त्या शर्टाच्या वेळचा?"

भिंगरीने मान डोलावली. बाबांनीच चिकटपट्टी शोधून आणली.

मित्रांनो, कपडा बसला नाही तर आपल्या अंगाला नावं ठेवू नका, माप पुन्हा घ्या. आणि स्वतःच्या हाताने काही आखलंत, कापलंत, तर ते काय आहे एवढं त्यावर लिहून ठेवा. टेबलाच्या पायाखालून काढणारं माणूस प्रत्येकाला भेटतंच असं नाही.