सेइकिचीचा रांजण

बेटावरची लढाई संपून वर्षं लोटली, तरी घराण्याच्या थडग्यात उतोच्या नवऱ्याच्या अस्थींसाठी ठेवलेल्या रांजणात हाडांऐवजी किनाऱ्यावरचा एक गोटाच होता. सेइकिची लढाईत गुहेत मेला, इतर कित्येकांसोबत. तिथून हाडं कोण आणणार? नवऱ्याच्या रांजणात बायकोची जागा ठरलेली असते. उतोला आपलीही हाडं त्याच रांजणात हवी होती, पण नवऱ्याशेजारी, गोट्याशेजारी नव्हे.

यंदा रस्त्यासाठी गुहेचं तोंड बुजवणार असं कळलं आणि सेइकिचीची बहीण कामादो आत शिरली. ढिगातून एकाची हाडं घेऊन आली, सोबत एक चिलीम.

"उशाशी होती, वहिनी. दादानं स्वतः कोरलेली. आणखी काय हवं?"

आज थडग्यासमोर दोघी हाडं धुवायला बसल्या. हे काम बायकांचं; पुरुष लांब बसून पितात आणि वर घाई करतात. रांजणात तळाशी पावलं, मग मांड्या, मग बरगड्या, म्हणजे माणूस आत बसल्यासारखा राहतो. कवटी शेवटी.

उतोनं कवटीवर तांदळाची दारू ओतली, अंगठ्यानं दातांवरची माती काढली आणि पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. पुढचे दात सगळे जागच्या जागी होते. सेइकिचीचा एक दात लग्नाच्या वर्षीच ऊस सोलताना तुटला होता. त्या फटीतून शीळ घालून तो तिला चिडवायचा.

"वन्सं, दात बघा."

कामादोचा चेहरा पडला. "पण चिलीम..."

"दिली असेल कुणाला. कुणी मागितलं की हे देऊन मोकळे! तुमच्या दादाला ओळखत नाही का तुम्ही?"

"मी परत जाते."

"कुठे? तोंड परवाच बुजवलं."

तेवढ्यात आंधळी सासू नाबे चाचपडत आली. कवटी मांडीवर घेऊन कपाळावरून हात फिरवू लागली. "किती वाळलास रे बाळा! सूनबाई, हाच ना गं?"

कामादो तोंडात बाही कोंबून रडत होती. उतोला ओरडावंसं वाटलं.

"हेच, आई."

"मग तो गोटा टाक समुद्रात. आता कशाला हवा?"

उतोनं परक्याची कवटी रांजणात सगळ्यात वर ठेवली. झाकणाच्या आत शाईनं सेइकिचीचं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांच्या लेखी तो सापडला. आता त्याला कुणी शोधणार नव्हतं. हे तिनं स्वतःच्या तोंडानं करून ठेवलं होतं.

किनाऱ्यावर जाऊन तिनं गोटा खाली ठेवला. चार पावलं गेली, राहवेना, मागे वळली. तिथे सगळे गोटे सारखेच होते. संध्याकाळपर्यंत ती एकेक उचलून पाहत होती.